शिदोरीतलं कोठार

मी शिदोरी बोलतेय. नाव ऐकून माझ्यात भाकरी-चटणी शोधू नका. मी संगणकात राहते. वेबसाइट बनवायची तर बरंच काही लागतं: पानं लोकांपर्यंत पोचवणारा सर्व्हर, माहिती साठवणारा डेटाबेस, लिहायला एक भाषा. एकेक आणून बसवताना नवशिक्यांचे डोळे पांढरे होतात. म्हणून कुणीतरी सगळं निवडून, एकमेकांशी जुळवून एका गाठोड्यात बांधतं. तसलं गाठोडं मी.

माझा जन्म केडगावचा, मुबश्शिराच्या घरातला. मुबश्शिरा आणि रुपाली या कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. दोघी मिळून पारनेरला वेबसाइट बनवायचा क्लास चालवत. तिथले संगणक म्हातारे, आणि नेट आलं तर आलं. बाजारातली तयार गाठोडी त्यांना पेलेनात. तेव्हा मुबश्शिरा म्हणाली, "आपणच बांधू."

सर्व्हर ठरला, भाषा ठरली. घोडं अडलं डेटाबेसवर. मुबश्शिरा त्याला कोठार म्हणायची. सगळे वापरतात तो डेटाबेस भरवशाचा, पण जड. तो चालू केला की क्लासमधला संगणक धापा टाकायचा. शोधता शोधता तिला एक हलकं, चपळ कोठार सापडलं. कुठल्याशा दूरदेशी एक माणूस ते हौसेनं बनवत होता, फुकट देत होता.

रुपालीला ते पटेना. "एकट्या माणसाच्या जिवावर सगळं उभं करायचं? उद्या तो कंटाळला तर?"

"आणि आपण कितीजणी आहोत गं?" मुबश्शिरा हसून म्हणाली.

रुपालीही हसली. कोठार माझ्या पोटात आलं. माझं नाव मुबश्शिराच्या आईनं, जरीनाबींनी सुचवलं. वाटेला लागणाऱ्या माणसाच्या हाती जे बांधून देतात ते, म्हणाल्या.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. एका क्लिकवर मी उलगडायचे. क्लासच्या पोरींनी माझ्यावर कुणाच्या लग्नाची, कुणाच्या मसाल्याची पानं बनवली. धनश्रीनं तर पठारावरच्या आपल्या गावासाठी टँकरच्या नोंदणीची साइट केली. उन्हाळ्यात कुठल्या वस्तीवर किती माणसं, किती जनावरं, ते लोक मोबाईलवरच भरायचे आणि त्याप्रमाणे टँकर जायचा. गावानं नोंदीची वही बंद केली. मुबश्शिरा ती साइट नव्या पोरींना दाखवायची, तेव्हा तिचा आवाज बदलायचा.

मग त्या दूरच्या माणसानं एक ओळ लिहिली: आता माझ्याच्यानं होत नाही, क्षमा असावी. बस, एवढंच. त्याचा राग मला कधी आला नाही. तो थकला होता.

सॉफ्टवेअरला दर थोड्या दिवसांनी नवी भगदाडं सापडतात, ती कुणीतरी बुजवावी लागतात. माझ्या कोठाराची बुजवणारं आता कुणी उरलं नाही. रुपाली म्हणाली, "दुसरं बसवू." पण त्यातली माहिती दुसऱ्या कुठल्याच डेटाबेसला वाचता येईना. पोरींच्या साऱ्या साइट त्याच्यावर उभ्या. पाया काढायचा आणि भिंती राखायच्या, असलं काम होतं ते. दोघींनी सुरू केलं. अर्ध्यात रुपालीला पुण्यात नोकरी लागली. "शनिवारी येत जाईन," म्हणाली. काही शनिवार आलीही. मुबश्शिरा एकटीच ठिगळं लावत राहिली. एक लावावं तर शेजारी उसवायचं.

ऐन उन्हाळ्यात कुणीतरी त्या भगदाडातून आत शिरलं आणि धनश्रीच्या साइटवरची माहिती पुसून गेलं. धनश्रीनं प्रत ठेवली होती, पण त्याच सर्व्हरवर. तीही गेली.

धनश्री केडगावला आली. सोबत तिच्या वस्तीवरच्या छबूबाई. मुबश्शिरानं त्यांना खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तांब्याकडं नुसतं पाहिलं.

"मॅडम, माजी नोंद हुती," छबूबाई म्हणाल्या. "म्या सोता मोबाईलवर केल्ती. आता म्हनत्यात, नावच न्हाई. टँकर दुसऱ्या वस्तीवरनं माघारी जातोय."

"परत भरावी लागेल, मावशी."

"भरते की. पर तवर गुरांला काय पाजू? म्हैस गेली काल."

धनश्री खाली मान घालून बसली होती. तिनं मॅडमना एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच मुबश्शिराला सोसवेना.

त्या गेल्यावर तिनं रुपालीला फोन लावला.

"शिदोरी काढून टाक," रुपाली हळूच म्हणाली.

"तू सांगितलं होतंस."

"सांगून काय झालं? मीही निघूनच आले ना."

मुबश्शिरानं मला क्लासच्या साइटवरून काढलं; तिथूनच सगळे मला घेत. माझ्या जागी लिहिलं, वापरू नका. नव्या पोरी आल्या नाहीत, क्लास बंद पडला. आता ती सुप्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात बसते, वेबसाइटचं नाव काढत नाही. गावात पुन्हा वही आली.

मी मात्र संपले नाही. पेनड्राईव्हमधून, जुन्या संगणकांतून हातोहात फिरतेय. हलकी आहे, फुकट आहे, नेट लागत नाही. ती "वापरू नका"ची ओळ माझ्यासोबत कुणी नेली नाही. तुमच्याकडं असेन तर पुसून टाका मला. मला स्वतःहून नाही म्हणता येत नाही. आज सकाळीच कुणीतरी क्लिक केलं. मी उलगडले, सर्व्हर मांडला, कोठार मांडलं आणि पडद्यावर लिहिलं: सगळं तयार आहे, सुरुवात करा.