उभे पंख

भाद्रपदातली संध्याकाळ. धानाच्या बांध्यांवरून हिरवट-ताम्र उजेड ओसरत होता, आणि ओल, मंदगामिनी, मौनपावली ओल, मातीच्या भिंतींतून घरभर चढत होती. भिंतींना भेगा होत्या. भेगांत काळोख होता. त्या काळोखाकडे निवेदिता टक लावून बसली होती.

पाळण्यात मैनू निजलेली. दुधाळ श्वासांची, शिरीषकोमल लेक. तिच्या गुडघ्यावर एक तांबूस ठिपका.

शेजारच्या गावात एक लेकरू तापानं गेलं होतं. सकाळी ताप, सांजेला माती. माशी चावली, म्हणत होते लोक. वाळूमाशी, भिंतीच्या भेगेत राहणारी, तिळाहून लहान.

तेव्हापासून निवेदिता दिसेल ते चिलट टिपत होती. फोटो काढायची, तळहाताखाली चिरडायची, होमिओपॅथीच्या रिकाम्या कुपीत साठवायची. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या देवतळे सरांना तिनं सगळं पाठवलं. सरांचा फोन आला. फोटोत नुसती धूसर धूळ आहे म्हणाले, आणि कुपीत नुसती राख. पंख चुरडले, खवले झडले, ओळख पुसली. भय इतकं चपळ, की पुरावाच उरू देईना.

"मारू नकोस. बसू दे तिला," सर म्हणाले. "पंख छपरासारखे पाठीवर उतरते ठेवले, तर मोरीतली गरीब माशी. उभे धरले, तर वाळूमाशी. मग लेकराला त्या घरात ठेवू नकोस."

सासूबाईंना हे सारं थोतांड वाटे. "चिलटं होत व माय ते. लेकराहून चिलटाचेच फोटू जास्त हायेत तुह्या मोबाइलात."

आणि आता, विझत्या उजेडात, भेगेतून एक धूलिकण सुटला. उडाला नाही, टुणकन सरकला. भिंतीवरून दोरीवर, दोरीवरून पाळण्याच्या काठावर. मैनूच्या उघड्या गुडघ्याकडे.

निवेदिताचा हात उठला. उठला, आणि थांबला.

तिनं बांगड्या वर सारल्या. आपलं उघडं मनगट माशी आणि लेकीचा गुडघा यांच्यामध्ये हळूच सरकवलं, वाऱ्यात दिव्यापुढं हात धरावा तसं. आणि श्वास कोंडला.

माशी आली. बसली. सुईच्या अग्राएवढी आग मनगटात उतरली. निवेदिता हलली नाही. कणभर देहावर दोन रुपेरी, रोमश, भालाकृती पंख, उभे. उभेच. डाव्या हातानं तिनं फोटो काढला. मग एक रिकामी कुपी उलटी ठेवली त्या पंखांवर, अलगद, देवावर फूल ठेवावं तशी.

कंदील घेऊन सासूबाई कधी मागं आल्या, कळलं नाही. त्या वाकल्या. सुनेच्या मनगटावरचा ताजा ठिपका त्यांनी पाहिला. नातीच्या गुडघ्यावरचा जुना पाहिला. पुन्हा मनगट पाहिलं, पुन्हा गुडघा.

"उचल तिले," त्या म्हणाल्या.

अंगणाच्या ओल्या अंधारातून कंदील पुढं गेला, पक्क्या बांधणीच्या शाळेच्या दिशेनं. मागून पदराआडचा इवला श्वास. त्याला ऊब होती. ती झोपेची, की तापाची? निवेदिता चालता चालता गालानं चाचपत राहिली. मागं, मातीच्या त्या घरात, रिकामा पाळणा हलत होता. हलत होता, मंदावत होता, आणि भिंतीची एकेक भेग डोळा उघडा ठेवून त्याच्याकडे पाहत होती.