शेवटच्या प्रकरणाची सीडी

जावयाने बटण दाबलं. ड्राइव्हचा कप्पा कुरकुरत बाहेर आला आणि त्यातली सीडी त्याने खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. आतून अर्ध्यापर्यंत गडद, पुढे कोरीच. म्हणजे हीसुद्धा वाया.

“गेली?” सासऱ्यांनी दारातूनच विचारलं.

“गेली.”

“वा! कबुतरांची काही खैर नाही आज.”

बाद सीड्या सासूबाई दोऱ्याला बांधून बाल्कनीत टांगायच्या, कबुतरं हाकलायला. सकाळपासून तिथे एवढ्या लटकल्या होत्या की समोरच्या शेजारणीने दुकान काढलंत का म्हणून विचारलं होतं.

“आमचं जुनं होतं ना जावईबापू, तेव्हा बरं चालायचं हो,” सासरे म्हणाले आणि आत गेले.

हे मात्र वर्मी लागलं. गेल्या वर्षी याच खोलीत जावयाने छाती पुढे काढून सांगितलं होतं, “बाबा, कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून देतो. व्हायरस नाही, कटकट नाही. जन्मभर नाव घ्याल!” सासरे नाव घेतच होते. उठता-बसता घेत होते.

एरवी त्याने नवा ड्राइव्ह आणू म्हणून वेळ मारून नेली असती. आज ते चालणार नव्हतं. मामा उद्या सकाळी लेकीकडे निघाले होते, लांब, आणि बहुधा कायमचे. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. त्यांची नजर गेल्यापासून सासरे त्यांच्यासाठी रहस्यकथा मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचे आणि सीडीवर घालून पाठवायचे. फोनच्या गुळगुळीत काचेचा मामांना मनस्वी राग. जुन्या प्लेअरची बटणं मात्र त्यांच्या बोटांना पाठ होती. हातातल्या पुस्तकाचं आता शेवटचंच प्रकरण उरलं होतं. खुनी कोण, ते त्यात होतं.

आणि गंमत म्हणजे वाचणारा आणि ऐकणारा, दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं. मामा सासऱ्यांशी तोंडी चाली सांगून बुद्धिबळ खेळायचे. एकदा वजीर नक्की कुठल्या घरात होता यावरून जुंपली, आणि “दिसत नाही म्हणून फसवतोस होय मला?” असं मामा बोलून गेले. सासऱ्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या, तो डबा पुन्हा उघडला नाही. वाचन मात्र थांबलं नाही. सीड्या पोचवायचं काम सासूबाईंकडे आलं.

“गेल्या प्रकरणात फार घाई केली म्हणावं त्याला,” तिकडून निरोप यायचा.

“या खेपेला सावकाश वाचलंय म्हणावं,” इकडून जायचा.

जावई पुन्हा स्क्रीनकडे वळला. ड्राइव्ह वापरायची परवानगी तपासून झाली होती, ती होती. कोरी सीडी घातली रे घातली की एक आगाऊ खिडकी आपणहून उघडायची आणि ड्राइव्ह अडवून बसायची, ती बंद करून झाली होती. वेग सगळ्यात कमी केला, केबल बदलली, भिंग पुसलं, दुसऱ्या कंपनीच्या सीड्या आणल्या. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत तेच ते येत होतं: लिहिताना चूक, लिहिताना चूक. कधी तिसऱ्या हिश्शाला, कधी अर्ध्यावर. आणि दुपारी सासूबाई बाजारात गेल्या असताना सीडीवर काही न लिहिता नुसती रंगीत तालीम करून पाहिली, तर ती बिनबोभाट पार पडली. त्याने डोकं खाजवलं. नाकी नऊ आणले होते या डबड्याने.

सासूबाई शेजारीच शिलाई मशीनवर भावाच्या प्रवासासाठी पिशवी शिवत होत्या.

“जावईबापूंचा इतका जीव काढताय त्यापेक्षा जाऊन वाचून दाखवा की त्याला,” त्या मशीन न थांबवता आतल्या दाराकडे बघून म्हणाल्या.

“मी?” आतून आवाज आला. “मी त्याच्या दारात? नाव काढू नकोस!”

सासूबाईंनी मान हलवली. मग जावयाकडे न बघता हळूच म्हणाल्या, “उद्या गेला की संपलं हो. कोण येतंय आणि कोण जातंय या वयात.” त्यांनी पदराने नाक पुसलं आणि पुन्हा मशीनवर पाय ठेवला.

पाकिटात एकच सीडी उरली होती. जावयाने ती देवाचं नाव घेऊन घातली. स्क्रीनवरची पट्टी हळूहळू सरकू लागली. त्याचं लक्ष सहज शेजारच्या पेल्याकडे गेलं. पेल्यातलं पाणी थरथरत होतं. मशीन थांबलं की पाणी थांबे, मशीन धडधडलं की पुन्हा थरथर.

“आई! पाय उचला!”

सासूबाई दचकून थांबल्या. “काय झालं? उंदीर?”

“हा कॉम्प्युटर इथे मशीनच्या टेबलावर कधी आला?”

“गेल्या आठवड्यात. फरशी पुसताना आडवा येतो मेला, म्हणून मीच उचलून ठेवला.” मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, बाल्कनीकडे पाहिलं. “अगंबाई! म्हणजे त्या सगळ्या मी…”

जावयाला असं हसू फुटलं की त्याला तोंडावर हात धरावा लागला. दोघं श्वास रोखून पट्टीकडे बघत बसले. अर्ध्याच्या पुढे गेली. पाऊण झाली. शेवटाला येऊन क्षणभर अडली आणि हिरव्या अक्षरांत उमटलं: पूर्ण. त्याचा जीव भांड्यात पडला. वर्षभराची टोमणेबाजी आज व्याजासकट परत करायची होती. “बाबा!” अशी आरोळी त्याच्या अगदी ओठांवर आली.

तेवढ्यात सासरेच दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले, काखेत पुस्तक, त्यात शेवटच्या प्रकरणावर खुणेला घातलेलं बोट.

“झाली नसेलच,” ते म्हणाले. मग घाईघाईने, जरा खालच्या आवाजात, “नाही ना झाली?”

जावयाने त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. स्क्रीनसमोर जरा सरकून बसला.

“नाही हो बाबा. हीसुद्धा गेली. ह्या लिनक्सचं काही खरं नाही.”

“बघा! मी सांगतच होतो!” सासऱ्यांचा चेहरा खुलला. “आता काय इलाज? जावंच लागणार मला. तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे,” जावई म्हणाला.

सीडी लिहून पूर्ण झाली की थोड्या वेळाने हा प्रोग्रॅम कप्पा आपणहून उघडतो. दिवसभरात तशी वेळच आली नव्हती, त्यामुळे जावई ते साफ विसरला होता. सासरे चपला पायात सरकवत होते, तेवढ्यात कप्पा कुरकुरत बाहेर आला, वर कडेपर्यंत भरलेली, चकचकीत सीडी घेऊन.

सासऱ्यांनी मान वर केली.

सासूबाईंनी एका बोटाने कप्पा आत ढकलला आणि पाय दाबून मशीन धडधडत सोडलं.

“अहो, चष्मा घेतलात का?” त्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी विचारलं. “आणि सावकाश वाचा. त्याला घाई आवडत नाही.”