साक्षीला कोण?

मरायला माणसाला कोणी लागत नाही, पण मृत्युपत्र करायला दोन माणसं लागतात. हे पडदेवाल्यांना पंच्याहत्तरीला आल्यावर कळलं, आणि कळलं तेही वकीलबाईंच्या समोर बसून, अर्धा चहा पिऊन झाल्यावर.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. मूलबाळ नव्हतं. राहतं दोन खोल्यांचं घर नर्सबाईंना द्यायचं, हे त्यांचं कधीच ठरलं होतं. पडदेवाल्यांची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा या नर्सबाईंनी तिचं सगळं केलं, आणि ती गेल्यावरही त्या दर रविवारी येऊन यांचं ब्लडप्रेशर बघून जायच्या. आठवड्यातून तेवढाच एक माणसाचा हात त्यांच्या दंडाला लागायचा. घराचं मात्र नर्सबाईंना काही ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर येणंच बंद केलं असतं, अशी बाई.

“आता साक्षीदार,” वकीलबाई म्हणाल्या. “दोन हवेत, तुम्हाला नीट ओळखणारे. आणि काका, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याची साक्ष चालत नाही बरं का.”

“म्हणजे नर्सबाई बाद.”

“बाद.”

“मग तुमचा कारकून बसलाय की बाहेर. मारेल सही.”

“मारेल हो! पण उद्या कोणी कोर्टात भांडायला उभं राहिलं तर तो काय सांगणार? हे गृहस्थ आले, चहा प्यायले आणि गेले? तुमचं डोकं ठिकाणावर होतं, कोणी दमदाटी केली नव्हती, असं छातीठोकपणे सांगणारं माणूस आणा. एवढ्या आयुष्यात दोन माणसं नाही जोडलीत?”

बाईंनी थट्टेत विचारलं. पडदेवालेही हसले. घरी पोचेपर्यंत मात्र ते वाक्य त्यांना चांगलंच झोंबलं.

एक डॉक्टर होते. वर्षानुवर्षांचे. ते लगेच हो म्हणाले. पण दुसरा कोण?

आता बघा, या माणसाने अर्ध्या शहराच्या खिडक्या मापल्या होत्या. शिडीवर चढून, तोंडात टाचण्या धरून, लोकांच्या झोपायच्या खोल्यांत पडदे टांगले होते. पण शिडीवरच्या माणसाकडे कोण बघतं? सगळे पडद्याकडे बघतात. तरी ते एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेले. त्या घरच्या बाईंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं, हातातली पिशवी पाहिली आणि “पडदे नकोत सध्या” म्हणून दार लावून घेतलं. आत खिडकीवर यांनीच शिवलेले पडदे होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कोर्ट हा शब्द ऐकताच कानाला हात लावले. ज्याच्याकडून जन्मभर अस्तराचं कापड घेतलं तो दुकानदार, त्याच्या मुलाने सांगितलं, मागच्या थंडीतच गेला. यांना कळवायला हवं असं कोणाला सुचलंही नव्हतं. पडदेवाले उगाच एक रीळ विकत घेऊन घरी आले.

उरला धाकटा.

धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. बसने दोन तासांवर राहायचा. पण दहा-बारा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. वहिनी मरणाच्या दारात, आणि याने मुलीचं लग्न पुढे ढकललं नाही, हा राग. वहिनी गेल्यावर तो भेटायला आला, तर पडदेवाल्यांनी दार उघडलं नाही. आतून नुसते ऐकत राहिले. तो “दादा, दादा” करून करून शेवटी गेला. भांडण म्हणाल तर एवढंच, पण दोघंही एकाच मुशीतले, हट्टाला पेटले की पेटले.

वकीलबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या उलट खूशच झाल्या. “अहो, याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार? उद्या वारस म्हणून भांडेल तर तोच भांडेल. त्याचीच सही असली की तोंडच बंद!”

मग पडदेवाल्यांनी मनाचा हिय्या केला आणि फोन लावला.

“मी बोलतोय.”

“दादा?” आणि मग घाईघाईने, “काय झालं? बरा आहेस ना?”

“बरा आहे. मृत्युपत्र करतोय. साक्षीला माणूस हवंय.”

“कधी येऊ?”

बस्स. ना का, ना कशाला, ना आत्ता बरी आठवण झाली.

ठरल्या दिवशी धाकटा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, पण आतला माणूस पार सुकलेला, हातात काठी. डॉक्टरही दुपारच्या सुट्टीत आले. वकीलबाईंनी धाकट्याला विचारलं, “तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?”

“जन्मल्यापासून. माझ्या.”

“यांचं डोकं ठिकाणावर आहे?”

“आमच्या आईलाही शंका होती,” धाकटा म्हणाला, आणि डॉक्टर खो-खो हसले. पडदेवाल्यांनाही हसू फुटलं. ते किती दिवसांनी असं हसत होते, त्यांचं त्यांना ठाऊक.

सह्या झाल्या. डॉक्टर घाईत निघून गेले. दोघं भाऊ जिना उतरले, तसा धाकट्याला दम लागला आणि तो खालच्या पायरीवर बसला. पडदेवाले शेजारी टेकले.

“तू वाचलंही नाहीस,” ते म्हणाले.

“साक्षीदाराने फक्त सही होताना बघायची असते.”

“घर नर्सबाईंना दिलंय. तुला काही ठेवलं नाही.” हे सांगताना त्यांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

“माहीत आहे. साक्षीला ये म्हणालास तेव्हाच कळलं. ज्याचं नाव आत असतं त्याला साक्षीला बोलवत नाहीत.” धाकट्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. “माझंही मृत्युपत्र झालं ना गेल्या वर्षी.”

“मग मला का नाही बोलावलंस?”

“बोलावणार होतो की. म्हटलं, त्या निमित्ताने तरी येशील. वकील म्हणाला, त्यांची साक्ष नाही चालणार.”

पडदेवाल्यांना क्षणभर काही सुधरेना. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला.

“मला काय ठेवलंस रे?”

“मागची खोली. तू हयात असेपर्यंत तुझी, कोणी उठवायचं नाही. मुलाला बजावून ठेवलंय. मी आधी गेलो तर तुला कोण आहे?” धाकटा काठी टेकून उठला. “चल, बस चुकेल माझी. आणि फोन करत जा. मरायच्याच कामाला करायचा असं नाही.”

तो गर्दीत दिसेनासा झाला, तरी पडदेवाले पायरीवरच बसलेले. त्यांना स्वतःची लाज वाटली, सपाटून लाज वाटली. मग कठड्याला धरून ते पुन्हा जिना चढले.

“काही राहिलं का काका?” वकीलबाईंनी विचारलं.

“धाकट्याचं नाव घालायचंय. वडिलांचं कापड बेतायचं टेबल आहे माझ्याकडे. आम्ही दोघं त्यावरच शिकलो. ते त्याला.”

“घालू की, नव्याने करू. पण मग त्यांची साक्ष जाईल. डॉक्टर आहेतच. दुसरं माणूस घेऊन या, लगेच उरकून टाकू.”

पडदेवाले खुर्चीत बसले. बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, “दुसरं कोण आणाल?”

“बाई,” ते म्हणाले, “दुसरं माणूस म्हणजे तोच होता हो.”