टोकाकडे जरासं

बाबांची शेवटची फाइल उघडली तेव्हा आधी दिसले ते बाण. एका रुग्णालयाच्या नव्या इमारतीसाठी पितळेचा दिशाफलक कोरायचा होता. एका बाजूला विभागांची नावं आणि प्रत्येक नावासमोर वर्तुळात एक त्रिकोणी बाण. एकही बाण वर्तुळाच्या मध्यावर नव्हता. कुणी इकडे ढळलेला, कुणी तिकडे.

मी पाठ्यपुस्तकांसाठी आकृत्या काढते, त्याही याच सॉफ्टवेअरवर. काही जरा वाकडं दिसलं की माझं बोट आपोआप अलाइनच्या बटणाकडे जातं. त्या सकाळी मात्र गेलं नाही. शेवटच्या वर्षात बाबांची नजर अधू झाली होती. चष्मा बदलला, टेबलावरचा दिवा बदलला, तरी ते म्हणायचे, “स्क्रीनच खराब आहे.” त्यावर आई म्हणायची, “हो तर, चहात साखर कमी पडते तीही स्क्रीनमुळेच.” आता ते सगळं वर्ष माझ्यासमोर वर्तुळावर्तुळांतून मांडलेलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

काकाचा फोन आला. गल्लीच्या टोकाला आमचा कारखाना आहे. डिझाइन बाबा करायचे, कोरण्याचं मशीन काका चालवतो.

“काय गं पंडितबाई, झालं का? पत्रा लावून बसलोय मी.”

“काका, बाण सरकलेत सगळे.”

“दादाचा हात गेला होता गं. शेवटी शेवटी मला विचारायचा, सरळ आहे का बघ रे. दादा, आणि मला विचारणार! तू सरळ कर आणि पाठव. पत्रा एकच आहे. बिघडला तर ते लोक फलकाच्या जागी मलाच टांगतील.”

मग मी केलं. बाण निवडला, वर्तुळ निवडलं. ज्यावर शेवटी क्लिक करावं ते जागचं हलत नाही, दुसरं त्याच्याकडे सरकतं. बटण दाबलं की बाण टुणकन मध्यावर. पुढचा. त्याच्या पुढचा. बघता बघता सगळे शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले. फाइल पाठवली आणि हायसं वाटायची वाट बघत राहिले. वाटलं नाही.

बाबा कोरण्याआधी कागदावर छापून तो भिंतीला लावायचे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचे. माझ्याकडून ते राहिलं होतं. फाइल तर गेली होती, तरी मी कागद छापला आणि चिकटवला.

आई दारात येऊन उभी राहिली. “कसंतरीच दिसतंय,” ती म्हणाली.

खरंच दिसत होतं. उजवीकडे दाखवणारा बाण पुढे जा म्हणत होता आणि स्वतः मागे सांडत होता. वर दाखवणारा बाण खाली बसला होता. सॉफ्टवेअर त्रिकोणाभोवती एक न दिसणारी चौकट धरतं आणि त्या चौकटीचा मध्य जुळवतं. पण त्रिकोणाचं अंग पाठीकडे जड असतं. डोळ्याला तो मध्यावर दिसायला हवा, तर त्याला टोकाकडे जरासं ढकलावं लागतं. बाबांनी ढकललं होतं आणि मी ते पुसून टाकलं होतं.

काकाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. मशीन सुरू असलं की त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नाही, फोन कुठला? मी धावत सुटले. पायात एक चप्पल माझी, एक आईची.

मशीन घरघरत होतं. सुई पत्र्यावर उतरायच्या बेतात होती.

“काका, थांबव!”

त्याने लाल बटण दाबलं. पितळेवर ओरखडासुद्धा नव्हता. मी भिंतीला टेकले आणि धापा टाकत सगळं सांगितलं. डोळ्यांवरचा जाड चष्मा काढून तो बराच वेळ पुसत राहिला.

“म्हणजे दादाचं बरोबर होतं?”

“बरोबर होतं.”

“मग आता एकालाही हात लावायचा नाही. जसंच्या तसं. ऐकतेयस ना?”

घरी फाइल उघडीच होती. केलेला एकेक बदल मागे घेत बाबांच्या बाणांपाशी पोचले. या वेळी प्रत्येक बाण तपासला. उजवीकडे दाखवणारे उजवीकडे ढळलेले, डावीकडे दाखवणारे डावीकडे, वर दाखवणारे वर. मग क्ष-किरण विभाग. बाण डावीकडे दाखवणारा, पण ढळलेला उजवीकडे.

कारण शोधलं. शेजारच्या अक्षराची अडचण असेल, बाबांच्या मनात काही असेल. पुन्हा छापलं, पुन्हा भिंतीला लावलं, पुन्हा लांब गेले. कारण नव्हतं. त्या दिवशी त्यांना दिसलं नव्हतं, एवढंच.

माउसवर हात ठेवून मी बसून राहिले. काका म्हणाला होता, हात लावायचा नाही. पण लोक या फलकाकडे घाबरलेल्या डोळ्यांनी बघणार होते. बाबांनी तो तसा जाऊ दिला नसता. मी बाण निवडला आणि बटणाऐवजी कीबोर्डच्या कळीने थोडाथोडा सरकवला, यादीतल्या त्याच्या आधीच्या, डावीकडे दाखवणाऱ्या बाणाइतका. फाइल पाठवली.

आई भिंतीवरचा कागद काढत होती.

“बाबांचा एक बाण चुकला होता,” मी म्हटलं. “मी सरकवला. काकाला सांगू नकोस.”

नखाने चिकटपट्टी सोडवता सोडवता ती थांबली. “एकच?”

“एकच.”

तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला. “कुठला, दाखव मला.”