दोन प्लेटा अन् एक दांड

"दहावीत गणितात उडाला अन् मले हिशेब शिकवतं? एका प्लेटीवर बलब चालते, दोन प्लेटीवर पंखाई चालन. यात काय मोठं डोकं लागते बे?"

बाबा असे बोलले तवा कंट्रोलरमधून जळका वास येऊन राहिला होता. सोलरच्या प्लेटीतली करंट बॅटरीत मापानं सोडते, तो डबा. मी बैलाले चारा आनाले गेल्तो, तेवढ्यात यायनं काकाच्या वावरातली दुसरी प्लेट आनून जोडूनई टाकली. मले इचारलंई नाई.

हातातली पक्कड फेकली म्या. "एक प्लेट सहा अंपियर देते, दोनीचे झाले बारा. उनाचा भरोसा नाई, सव्वापट धरा लागते, मंजे पंधरा. त्याच्यावरचा, वीसचा कंट्रोलर पायजे. हा दहाचा होता. दोन मोटारीचं पानी एका दांडात सोडलं त काय होते, बाबा?"

चाळीस वर्षं संत्र्याले मातीच्या दांडानं पानी देल्लं त्यायनं. "फुटते," म्हनले, अन् फेकलेली पक्कड उचलून ठेवली.

माय गेल्यापासून आमी दोघं वरूडच्या अलीकडं, वावरातल्या खोलीतच राह्यतो. लाइन येते ते मोटारीपुरती, तेई रातची. बाबा दिवसातून चार शब्द बोलते, त्यातले दोन बैलाले. आकांक्षाताई धारणीकडं देल्ली. तिले नेटवर्कसाठी टेकडी चढा लागते, म्हून फोन फक्त शुक्रवारी, साडेपाचले. हप्त्याभरात तेवढंच मानसाचं बोलनं. आज शुक्रवार. मोबाईल दोन टक्क्यावर, अन् चार्जिंगचं तोंड त्या डब्यालेच होतं.

"पंखा कशाले पायजे होता तुमाले? जलमभर निंबाखाली झोपले."

बाबानं जळका डबा उलटा करून पाह्यला. मंग म्हनले, "माह्यासाठी नाई. पह्यलं बाळंतपन मायेरीच अस्ते. तिच्या सासरचे म्हनते, घरात बाई नाई, वैशाखात पोरगी भाजून निंगन तिथं. मांगच्या शुक्रवारी सांगतलं म्या तिले, पंखा लावतो. येते का नाई, ते आज सांगनार हाय."

मांगच्या शुक्रवारी फोन मीच देल्ता त्यायच्या हातात, अन् हे नुसतं हो-हो करते म्हून चिडून वावराच्या कडंले, धुऱ्यावर जाऊन बसलो होतो.

खोलीत गेलो. खाटीवर मायच्या जुन्या लुगड्याचे चौकोनी तुकडे, धुतलेले, घड्या घातलेले. सकाळी मले वाटलं होतं, मोटार पुसाले फाडलं.

दुसरी प्लेट सोडून भिंतीले टेकवून ठेवली, पन डबा जळला तो जळलाच. पाचले दहा कमी हायेत. मोबाईल चार्ज कराले गाव चार किलोमीटर, सायकलीत हवा कमी. फोन लागला नाई त ताई समजन का पंखा काई झाला नाई, अन् टेकडी उतरून जाईन.

बाबा फाटकापाशी येऊन उभे हायेत.

"ये म्हन तिले. वीसचा आनतो म्हन."

एकच टक्का राह्यला. मले निंगा लागते आता.