जिल्हा कार्ल-मार्क्स-श्टाट, तालुका आंबेगाव

घोडेगावात रखमाजीला सगळे 'जर्मन' म्हणत. तरुणपणी पुण्याच्या एका कंपनीनं त्याला लेथ शिकायला वर्षभर पूर्व जर्मनीत धाडलं होतं, जिल्हा कार्ल-मार्क्स-श्टाट. तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं बावन्न साली राज्यं मोडून जिल्हे पाडले, त्यातला हा एक. "केळी आली की रांग लागायची," रखमाजी सांगे, "आन् भाषण असलं की हजेरी."

नव्वद साली ते सरकार गेलं, पाठोपाठ जिल्हाही गेला. इकडं रखमाजीचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचं नाव मात्र आंबेगावच राहिलं. पाटी बदलण्यापेक्षा गाव बुडवणं सोपं पडलं असावं.

आता लेक अश्विनी नोकरीला जर्मनीत होती. तिच्यामागं रखमाजीनं एकच धोशा लावला होता: माझी तिथली खोली उभी हाय का, तेवढं बघून ये.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आबा, स्टेशनवर पाटी केम्निट्झची आहे. तुमचं ते नाव कुठंच नाही. एक आजोबा भेटले, ते म्हणाले, लोकांनी मतदान करून शहराचं जुनं नाव परत आणलं."

"मतदान करून?" रखमाजी बघतच राहिला. "असं परत आणता येतं व्हय?"

"नाव येतं," तांदूळ निवडता निवडता रखमाजीची बायको साळुबाई म्हणाली. "वर पाणी असंल तर गाव न्हाई येत. आन् खोलीचं निमित्त कशाला? मडम हाय का, ते इचारा की सरळ."

"मडम न्हवं, होस्टेलची रेक्टरबाई. साठीची व्हती."

"साठीची व्हती हे सांगायला चाळीस वर्सं लागली."

तेवढ्यात अश्विनीनं फोन फिरवला. कोपऱ्यावरचं तिमजली घर उभं होतं. रंग नवा, पण वरची खिडकी तीच. तेव्हा त्या खिडकीत बसून रखमाजी आंबेगावची आठवण काढी. आता घोडेगावात बसून खिडकीची काढत होता.

"आत जाऊन विचारू का, आबा?"

"नगं. बोलू नको. नुस्ता धर फोन."

मग साळुबाईनं सूप बाजूला सारलं आणि ती फोनपाशी सरकली.

"दार कुठल्या अंगाला हाय ह्या घराचं?"

"उगवतीला," रखमाजी म्हणाला.

"आपलं आंबेगावचं बी उगवतीलाच व्हतं." तिनं पदरानं चष्मा पुसला. "अश्विनी, जरा दाराशी ने की गं."