नेमलेली प्रतिनिधी

ग्रेगने सूचनापेटीतली चिठ्ठी टेबलावर सरकवली आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

देवयानीने ते बघताक्षणी ओळखलं. अमेरिकेतल्या बॉथेलच्या त्या औषध कंपनीत सगळेच दिवसभर बाटल्यांवर लेबलं लिहीत. कुणाचं अक्षर कुणापासून लपत नसे. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कोल्ड रूममध्ये सलग चार तास उभं करू नका. ऐकणार नसाल तर आम्ही युनियनवाल्यांना बोलावू.'

एचआरचा ग्रेग हसतमुख माणूस. देवयानीच्या ग्रीन कार्डाची फाईल त्याच्याच कपाटात होती. त्याने त्या फाईलचा उल्लेखही केला नाही. करायची गरजच नव्हती.

"सू यिंगचं असावं," ती म्हणाली.

असावं कसलं, चांगलं ठाऊक होतं की तिला!

युनियन येऊ नये म्हणून २००५च्या मार्चमध्ये कंपनीने कर्मचारी समिती काढली होती आणि ग्रेगने देवयानीला प्रतिनिधी नेमलं होतं. नवरा, शार्दूल, म्हणाला होता, "यार, कशाला या भानगडीत पडतेस? पण आता नाहीही म्हणू नकोस, फाईल पेंडिंग आहे." नागपूरहून आई मात्र फोनवर आनंदून गेली होती. "निवडून आलीस! अगं, मी शैलजाकाकूंना सांगितलंसुद्धा." तो शब्द देवयानीने दुरुस्त केला नाही. ऐकायला बरा वाटला होता.

शुक्रवारी सूला ग्रेगचं बोलावणं आलं. पन्नाशीच्या त्या चिनी बाईने देवयानीला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"माझ्याबरोबर आत येशील? तू आमची प्रतिनिधी आहेस."

"येईन की," देवयानी म्हणाली.

चालता चालता सू बोलत राहिली. "माझी आई शेनयांगच्या कारखान्यात युनियनची अध्यक्ष होती. पक्षाच्या सेक्रेटरीने नेमलेली. तिथे दुसरा पक्षच नव्हता, मग दुसरी युनियन कुठली? सणाला आई सगळ्यांना तेलाच्या बाटल्या वाटायची. कारखान्याने माणसं काढली तेव्हा यादीही तिनेच वाचली. पहिलं नाव आमच्या शेजारणीचं."

"मग?"

"मग काय? आई वाईट नव्हती गं. पण त्यानंतर जिन्यात तिच्याशी कुणी बोललं नाही." सू हसली. "इथे बरं आहे. इथे तू आहेस."

देवयानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं, आत्ताच, आत जायच्या आधी. निदान एवढं तरी करावं.

"सू, ती चिठ्ठी..."

दार उघडलं. "या, दोघीही या," ग्रेग म्हणाला.

त्याने आपल्या शेजारची खुर्ची देवयानीसाठी ओढली. ती बसली. टेबलाच्या पलीकडे सू एकटीच. चिठ्ठीचं नाव कुणी काढलं नाही; कामाची फेररचना झाली आहे, सोमवारपासून यायचं नाही, एवढंच. सगळं पाच मिनिटांत उरकलं. कागदाच्या तळाशी छापलं होतं, 'कर्मचारी प्रतिनिधी उपस्थित होत्या.' सूने सही केली. मग ग्रेगने पेन देवयानीपुढे धरलं आणि तिनेही केली, अगदी पूर्ण नावानिशी.

बाहेर आल्यावर सूने तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"थँक यू. तू आलीस."

"यू आर वेलकम," देवयानी म्हणाली.